बेल पडल्याशिवाय

"अप्पा, हिरवा झाला! सोडा गाडी!"

माझा भाऊ जग्या ओरडला. कॉम्प्युटरच्या पडद्यावरचा लाल दिवा जाऊन हिरवा लागला होता. शेजारच्या गाड्या केव्हाच निघून गेल्या होत्या आणि आमची गाडी जिथल्या तिथं उभी होती. अप्पा खुर्चीत ताठ बसले होते, दोन बोटं बाणांच्या बटनांवर ठेवून.

"सोडा की!"

"बेल कुठं पडलीय?" अप्पा म्हणाले.

जग्याला आधी कळलंच नाही. मला कळलं. मी स्वयंपाकघरातून स्टीलचा पेला आणि चमचा घेऊन आले, अप्पांच्या मागं उभी राहिले आणि दोनदा वाजवला. टिंग टिंग. अप्पांनी गाडी सोडली.

माझे वडील, इराप्पा हत्तरकी, गडहिंग्लज डेपोत एसटीचे ड्रायव्हर होते. कंडक्टरनं एक बेल दिली की थांबायचं आणि दोन दिल्या की निघायचं, एवढ्या दोन शब्दांवर त्यांचं आयुष्य चाललं होतं. जग्यानं त्यांना समजावून बघितलं की शर्यतीत हिरवा दिवा हीच बेल असते. अप्पांना ते पटलं नाही.

"दिवा म्हणतोय रस्ता मोकळा हाय. माणसं चढली का न्हाईत, ते दिव्याला काय ठावं? ते कंडक्टरलाच ठावं."

"अप्पा, ह्या गाडीत माणसं नसतात. एकटाच असतोय."

"मग त्याला एवढी घाई कसली?"

तेव्हापासून मी आमच्या घरची कंडक्टर झाले. पेला आणि चमचा कॉम्प्युटरच्या टेबलावरच राहायला लागला आणि अव्वा, म्हणजे आमची आई, चहाच्या वेळी एक पेला कमी पडतो म्हणून रोज बोटं मोडायला लागली.

तो कॉम्प्युटर जग्यानं आणला होता. तो माझ्याहून पाच-सहा वर्षांनी मोठा. गावातल्या एका कॉम्प्युटर क्लासमध्ये शिकवायचा. मी तेव्हा अकरावीत होते. क्लासात नवीन मशिनं आली तेव्हा जुन्यातलं एक त्याला मिळालं. वाकळेत गुंडाळून, रिक्षात मांडीवर धरून त्यानं ते घरी आणलं, नव्या नवरीला आणावं तसं. अव्वानं पहिल्याच दिवशी मॉनिटरच्या काचेवर विभूतीची तीन बोटं ओढली आणि जुन्या खणाचं कव्हर शिवून घातलं. खोलीत चप्पल घालून जायचं नाही, ओल्या हातानं बटनाला शिवायचं नाही. देव्हाऱ्यालाही आमच्याकडं एवढं सोवळं नव्हतं.

गेम आला तो फ्लॉपींच्या थप्पीतून. एकेक फ्लॉपी घालायची, मशीन खर्रर्र खर्रर्र करून ती चावणार, मग पुढची मागणार. शेवटची फ्लॉपी हमखास खराब निघायची. जग्या तिच्यावर फुंकर मारायचा, शर्टाला घासायचा आणि पुन्हा घालायचा. काळ्या पडद्यावर पांढरी अक्षरं टाइप करून एंटर दाबलं की एकदम रंग फुटायचे. निळं आभाळ, करडा रस्ता आणि चौकोनी चौकोनी झाडं. इंजिनाचा आवाज तर अव्वाच्या मिक्सरचाच. आज माझा मुलगा ज्या शर्यती खेळतो त्यांत समोरच्या गाडीवरचा चिखलसुद्धा दिसतो. आम्हाला गाडी आहे की खोकं, तेही नीट कळायचं नाही, आणि तरी वळणावर आम्ही तिघंही खुर्चीसकट कलायचो.

अप्पा मात्र शर्यत लावतच नव्हते. ते गाडी चालवत होते. बाकीच्या गाड्या वाऱ्यासारख्या जायच्या आणि अप्पा चाळीसच्या वर काटा जाऊ द्यायचे नाहीत. वळणाआधी वेग कमी. पुलावर वेग कमी. आणि गाडी रस्त्याच्या डाव्या अंगाला. आता गेममधला रस्ता होता अमेरिकेचा, तिथं वाहनं उजवीकडून चालणार. त्यामुळं समोरून येणारी प्रत्येक गाडी अप्पांच्या अंगावर यायची. धाड! काच तडकल्याचं चित्र यायचं. पुन्हा बेल, पुन्हा गाडी, पुन्हा धाड.

"अप्पा, तिकडं उजवीकडनं चालवतात."

"कोण सांगतंय?"

"अमेरिकेत तसंच असतंय."

"मग त्यास्नी कुणी शिकवलं न्हाई नीट," अप्पा म्हणायचे.

त्यांचे कंडक्टर मोरबाळेमामा एकदा घरी आले होते. त्यांनी ही गंमत पाहिली आणि हसून हसून त्यांना ठसका लागला. मग चमचा माझ्या हातातून घेऊन स्वतःच बेल द्यायला लागले. "आत सरका, आत सरका, मागं जागा हाय," असं त्या रिकाम्या गाडीला सांगायला लागले. अप्पा चौथ्यांदा धडकले तेव्हा मामा म्हणाले, "अण्णा, एवढ्या वर्षांत एक ओरखडा न्हाई तुमच्या गाडीला, आणि हितं एका दुपारी चार खून?"

"रस्ता उलटा हाय," अप्पा म्हणाले. "मी सरळच हाय."

ओरखडा नव्हता हे खरं होतं. पंचवीस वर्षं विनाअपघात गाडी चालवणाऱ्याला सव्वीस जानेवारीला बिल्ला मिळायचा. अप्पांची पंचवीस त्या हिवाळ्यात भरत होती. त्यांना पैशाअडक्याची, बढतीची हौस नव्हती, पण त्या बिल्ल्याचं नाव निघालं की त्यांचा हात आपोआप शर्टाच्या खिशावर जायचा, जिथं तो लावायचा असतो तिथं. अव्वानं समारंभासाठी नवीन साडी घेऊन ठेवली होती.

आमच्या घरात त्या काळात दोन गोष्टी वरचेवर व्हायला लागल्या होत्या. एक म्हणजे जेवताना अप्पांच्या हातून डावीकडचा तांब्या कलंडायचा. दुसरी म्हणजे दारातून आत येताना त्यांचा डावा खांदा चौकटीला लागायचा. अव्वा म्हणायची, "लक्ष कुठं असतंय तुमचं? बिल्ल्यात?" आणि आम्ही हसायचो. डेपोत डोळे तपासले जायचे तेव्हा अप्पा तक्त्यावरची शेवटची बारीक ओळ न अडखळता वाचून यायचे. डोळ्यांची शंका कुणाच्या मनाला शिवलीही नव्हती.

मग जग्याला गेममध्ये इंग्लंडचा रस्ता सापडला. तिथं सगळी वाहनं आपल्यासारखी डावीकडून चालत. जग्यानं तो अप्पांसाठी लावून दिला आणि क्लासला गेला. अप्पांची त्या दिवशी सुट्टी होती. अव्वा बाजाराला गेली होती. घरात अप्पा आणि मी दोघंच.

रस्ता बघून अप्पांचा चेहरा उजळला. "हां! आता कसा रस्ता रस्त्यासारखा दिसतोय. दे बेल."

टिंग टिंग.

गाडी निघाली. समोरून येणारी वाहनं सुरळीत उजवीकडून जात होती. अप्पा मान हलवत होते, हे इंग्लंडवाले शिकलेले दिसतात असं काहीतरी म्हणत होते. दोन वळणं गेली, एक चर्च गेलं. पुढं डाव्या कडेला एक लाल ट्रक उभा होता. लांबून चांगला दिसत होता. मला वाटलं, आता अप्पा उजवीकडून गाडी काढून पुढं जातील.

धाड.

"हा कुठनं आला?" अप्पांनी विचारलं.

"उभाच होता की अप्पा."

"न्हाई गं. आडवा आला मधीच."

"न्हाई. कडेला उभा होता. चर्चपासनंच दिसत होता."

"परत लाव," अप्पा म्हणाले.

मी परत लावला. त्या काळच्या गेममध्ये काहीच बदलायचं नाही. तेच चर्च, तीच झाडं, तोच लाल ट्रक त्याच जागी. बेल दिली. अप्पा ह्या वेळी अजून सावकाश निघाले. चर्च गेलं. मी ट्रककडं बघत होते आणि मग अप्पांकडं बघितलं. ते नजर रोखून सरळ समोर बघत होते, घाटात बघतात तसे.

धाड.

आता ते हसत नव्हते. त्यांनी खुर्ची पुढं ओढली. "बेल दे."

तिसऱ्या वेळी चर्चजवळ येताच त्यांनी गाडी थांबवली. मिक्सर गुरगुरत राहिला. मागून दुसऱ्या गाड्या आल्या आणि निघून गेल्या.

"गिरजे, ट्रक दिसतोय तुला?"

"व्हय."

"आत्ता? हितनं?"

"व्हय की अप्पा. ह्यो काय."

मी बोट काचेला टेकवलं. अप्पांनी सरळ बघितलं. मग हळूच सगळी मान डावीकडं वळवली आणि पुन्हा बघितलं. पुन्हा सरळ. पुन्हा डावीकडं. मान वळवली की ट्रक होता आणि सरळ बघितलं की नव्हता, हे त्यांच्या चेहऱ्यावरूनच मला दिसत होतं.

अप्पांनी बटनांवरची बोटं उचलली आणि मांडीवर ठेवली.

"उद्या सावंतवाडी हाय," ते म्हणाले, मला नाही, स्वतःलाच. सावंतवाडीला जायचं म्हणजे आंबोलीचा घाट. जाताना डाव्या हाताला डोंगर असतो, येताना दरी.

"अप्पा, डॉक्टरकडं जाऊया."

"जाऊया. बिल्ला झाला की जाऊया. दोन महिन्यांचाच प्रश्न हाय." आणि थोड्या वेळानं म्हणाले, "अव्वाला सांगू नको."

संध्याकाळी अव्वा त्यांच्या खाकी कपड्यांना इस्त्री करत होती आणि समारंभाला कुणाकुणाला बोलवायचं ते मोजत होती. अप्पा हूं हूं करत होते. मी अभ्यासाचं पुस्तक उघडून बसले होते आणि मला फक्त तो ट्रक दिसत होता. आता ट्रकच्या जागी कधी बैलगाडी यायची, कधी डोक्यावर भारा घेतलेली बाई, कधी शाळेला निघालेली पोरं. अप्पांचा राग येत होता आणि त्यांच्या गळ्यात पडून रडावंसंही वाटत होतं.

सकाळी अप्पा निघाले आणि त्यांच्यामागून मीही निघाले. मावशी तेव्हा सावंतवाडीला असायची, काकांची नोकरी तिथं होती. अव्वाला म्हटलं, मावशीकडं जाऊन येतो. आमच्याकडं मुलीही 'येतो-जातो'च म्हणतात.

गाडी फलाटाला लागलेली होती. मी चढले आणि ड्रायव्हरच्या मागं जी जाळी असते, तिच्या लगतच्या बाकावर जाऊन बसले. गाडी भरत गेली. माझ्या शेजारी एक बाई लेकराला घेऊन बसली. मागं कोंबडी घेतलेला एक म्हातारा होता, कॉलेजची पोरं होती.

अप्पा त्यांच्या दारातून चढले. रोजच्यासारखा स्टिअरिंगला हात लावून त्यांनी कपाळाला लावला. मग आरशातून मागं बघितलं आणि त्यांना मी दिसले.

"तू कुठं?"

"वाडीला. मावशीकडं जातो."

"आज नको. उतर."

"का?"

"उतर म्हणतो न्हवं!"

शेजारची बाई माझ्याकडं बघायला लागली. मी जागची हलले नाही. अप्पांनी तोंड जाळीजवळ आणलं आणि हळू आवाजात म्हणाले, "गिरजे, ऐक माझं. तुला न्हेणार न्हाई मी आज."

"सगळी जातायत की अप्पा," मी म्हटलं. "त्यास्नी न्हेताय, मग मी पण जातो."

मला वाटलं होतं ते रागावतील. ते रागावले नाहीत. त्यांनी सगळी मान वळवून गाडीत बघितलं. शेजारच्या बाईच्या मांडीवरचं लेकरू जाळीत बोट घालून खेळत होतं. अप्पांनी त्याच्याकडं बराच वेळ बघितलं आणि पुढं तोंड करून बसले.

मागून मोरबाळेमामांचा आवाज आला, "चला, झालं का समद्यांचं?" आणि बेल पडली. टिंग टिंग.

गाडी हलली नाही.

ज्या माणसानं बेल पडल्याशिवाय कधी गाडी सोडली नाही, त्यानं बेल पडल्यावर कधी क्षणभर थांबवलीही नव्हती. बेल पडून गाडी उभी राहिली तर तो कंडक्टरचा अपमान, असं ते म्हणायचे. मामांनी पुन्हा दोरी ओढली. टिंग टिंग. इंजिनही चालू झालं नाही. पोरं मागून ओरडायला लागली. मामा गर्दीतून वाट काढत पुढं आले.

"अण्णा, दोनदा दिली की. ऐकू आली न्हाई व्हय?"

"आली."

"मग?"

अप्पा समोर बघत होते. दोन्ही हात स्टिअरिंगवर होते.

"मोरबाळे," ते म्हणाले, "मला दिसंना झालंय. दुसरा ड्रायव्हर बघ."

मामा हसले, थट्टाच असणार म्हणून. मग त्यांनी माझ्याकडं बघितलं आणि हसायचे थांबले.

दुसरा ड्रायव्हर मिळेपर्यंत माणसं कुरकुरत राहिली. कोंबडीवाला म्हातारा म्हणाला, "ड्रायव्हरच उतरला तर काय गाडी आम्ही ढकलायची?" अप्पा डबा आणि टॉवेल घेऊन खाली उतरले, मीही उतरले. एक तरुण ड्रायव्हर आला, अप्पांच्या पाया पडल्यासारखं काहीतरी केलं आणि वर चढून बसला. त्यानं इंजिन चालू केलं आणि थांबला.

बेल पडेना. मामा दारात दोरी धरून उभे होते आणि खाली अप्पांकडं बघत होते. त्यांच्या हातून ती दोरी ओढवत नव्हती.

अप्पा पुढं झाले. हात चाचपडत पुढं नेला, गाडीच्या पत्र्याला लावला, आणि तळव्यानं दोनदा थाप मारली.

गाडी निघाली. स्टँडच्या फाटकातून वळून ती दिसेनाशी होईपर्यंत अप्पा तिथंच उभे होते. त्यांना ती कुठपर्यंत दिसली, मला माहीत नाही.

घराकडं निघालो. रस्त्यावर बाजाराची गर्दी सुरू झाली होती. मी त्यांच्या उजव्या हाताला होते. थोडं पुढं गेल्यावर ते म्हणाले, "गिरजे, डाव्या अंगाला ये. डाव्या अंगाला चाल."

मी डावीकडं गेले.

बेळगावच्या डॉक्टरांनी काचबिंदू सांगितला. दोन्ही डोळ्यांचं कडेचं दिसणं गेलं होतं, डावीकडचं जास्त. गेलेलं परत येणार नव्हतं. अव्वानं विचारलं, मग त्यांना कधी कळलं कसं नाही? डॉक्टर म्हणाले, "बाई, जे दिसत नाही ते काळं दिसत नाही. ते नसतंच."

अप्पांना डेपोच्या गेटवर बसायचं काम मिळालं. सव्वीस जानेवारीला समारंभ झाला तेव्हा ते घरी शेंगा फोडत बसले होते. अव्वाची साडी पेटीतच राहिली. मी त्यांना एकदा विचारलं होतं, अप्पा, मी त्या दिवशी गाडीत बसले म्हणून तुम्ही रागावलात का? ते म्हणाले, "कंडक्टरवर कोण रागावतंय व्हय?"

कॉम्प्युटरपुढं मात्र ते पुन्हा बसले नाहीत. जग्या गेम लावायचा तेव्हा ते बाहेर ओट्यावर बसून नुसता आवाज ऐकायचे. "गियर उशिरा टाकलास," असं तिथूनच सांगायचे. पुढं जग्याला पुण्यात नोकरी लागली. मशीन खणाच्या कव्हराखाली काही वर्षं राहिलं, मग माळ्यावर गेलं आणि मग भंगारवाल्याच्या हातगाडीवर. तोवर अप्पांना समोरचंही फारसं दिसत नव्हतं. त्यांनी मॉनिटरच्या काचेवरून एकदा हात फिरवला आणि म्हणाले, "वजनाला लई जड होतं."

शेवटपर्यंत मी त्यांच्या डाव्या अंगाला चालले. अजूनही कुणाबरोबर चालायला लागले की पाय आपोआप डावीकडं जातात. माझा नवरा आधी हसायचा, आता सवयीनं उजवीकडं सरकतो.

गेल्या वर्षी अप्पा गेले. वर्षश्राद्धासारखं आमच्यात काही नसतं, पण अव्वाला बरं वाटावं म्हणून आम्ही दोघं भावंडं गडहिंग्लजला जमलो. दुपारी जेवणं झाल्यावर जग्यानं लॅपटॉप उघडला. तो आता टकला झालाय आणि पुण्याचं मराठी बोलतो. "थांब, तुला एक गंमत दाखवतो," म्हणाला. कुठून तरी त्यानं तो जुना गेम शोधून काढला होता.

तेच निळं आभाळ. तीच चौकोनी झाडं. इंग्लंडचा रस्ता. ना फ्लॉपी, ना खर्रर्र, आला तसा आला.

"तू चालव," जग्या म्हणाला.

मी बोटं बाणांवर ठेवली. लाल दिवा जाऊन हिरवा लागला. शेजारच्या गाड्या निघून गेल्या. माझी गाडी तिथंच उभी राहिली. जग्या माझ्याकडं बघत राहिला, मग उठला. स्वयंपाकघरात भांडी वाजली. तो पेला आणि चमचा घेऊन आला आणि माझ्या मागं उभा राहिला.

टिंग टिंग.

मी गाडी सोडली नाही. त्यानं पुन्हा बेल दिली.

"गिरजे, हाण की गं," जग्या म्हणाला, एकदम जुन्या बोलीत. "दोनदा दिली न्हवं?"

"थांब जरा," मी म्हटलं. "दिसंना झालंय."